समोरच्या दातांत बारीक फट आणि एका दाताचा कोपरा तुटलेला: बाँडिंग करावं की व्हीनियर?

(प्रश्न थोडक्यात असा: वय २६, राहणार नागपूर, लग्न फेब्रुवारीत. डॉक्टर वरच्या सहा दातांना व्हीनियर म्हणतात, म्हणजे दात थोडे घासून वर पोर्सेलीनची पातळ कवचं चिकटवायची. मैत्रीण म्हणते बाँडिंग कर, म्हणजे दाताच्या रंगाचा मसाला दातावर चिकटवून आकार द्यायचा.)

बाँडिंग करा. आणि एका तुटक्या कोपऱ्यासाठी सहा दात घासू म्हणणाऱ्या डॉक्टरकडे दुसरं मत घेतल्याशिवाय परत जाऊ नका.

आता सविस्तर, कारण या विषयावरून माझं आणि आमच्या साडूंचं कित्येक वर्षं वाजतंय.

माझा वरचा समोरचा दात सातवीत असताना हापशाच्या दांड्याने फुटला. कोपरा गेला, नस वाचली. आमच्याकडे सांगली जिल्ह्यात तेव्हा एवढ्यासाठी दवाखाना गाठायची पद्धत नव्हती. दुखत नाही ना, मग झालं. लग्नाच्या अल्बममध्ये मी सगळीकडे ओठ घट्ट मिटून उभा आहे आणि त्यावरून बायकोच्या मावशीने "जावई रागीट दिसतात" असं ठरवून टाकलं, ते आजतागायत. पुढे बँकेत गिऱ्हाइकाशी बोलताना हात आपोआप तोंडावर जायला लागला. शेवटी पुण्याला बदली झाल्यावर मनावर घेतलं.

पहिल्या दवाखान्यात (नाव नको) मोठ्या स्क्रीनवर माझ्या चेहऱ्याला पांढरेशुभ्र दात लावून दाखवले. एकाच दाताचं केलं तर जुळणार नाही, वरचे आठ करू, ईएमआयची सोय आहे. मी विचारलं, बाकीच्या सातांना काय झालंय? तर म्हणे, "सर, सिमेट्री." मी कर्ज विभागात काम केलेला माणूस. गरज नसलेल्याच्या गळ्यात कर्ज कसं मारतात हे मला नव्याने शिकायचं नव्हतं. उठलो.

दुसऱ्या मॅडमचा दवाखाना दोन खोल्यांचा. त्यांनी आधी खुर्चीवरचा दिवा बंद केला, मला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि दात ओला असतानाच शेजारी शेड गाइडमधला नमुना धरून रंग ठरवला. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकतो, सुकला की जास्त पांढरा दिसतो आणि मग निवडलेला रंग चुकतो. माझा ए३ निघाला, म्हणजे जरा गडद छटा. चहाबाज माणसाचा प्रामाणिक ए३. मग ॲसिड वगैरे काही न लावता कंपोझिटचा (तोच दाताच्या रंगाचा मसाला) गोळा नुसता दाबून कोपरा तयार केला आणि आरसा हातात दिला. "घरी फोटो पाठवायचा असेल तर पाठवा," म्हणाल्या. बायकोचा निरोप आला, "थोडा गोल करा." तो गोळा काढून टाकला आणि मग खरं काम सुरू झालं. निळं ॲसिडचं जेल लावून धुतलं, वाळवल्यावर तेवढाच भाग चमक जाऊन पांढुरका झाला. त्यावर बाँडिंगचं द्रव, मग कंपोझिटचे पातळ थर आणि प्रत्येक थरावर निळा लाइट. शेवटी बारीक होत जाणाऱ्या चकत्यांनी पॉलिश, आणि रंगीत कागद चावायला देऊन कुठे उंच लागतंय ते पाहणं. भुलीचं इंजेक्शन नाही. पुढे बरेच दिवस जीभ तो तुटका कोपरा शोधत राहिली, एवढाच काय तो त्रास.

आता साडू. त्यांचे दात धडधाकट होते. तुमच्यासारखीच बारीक फट आणि एक दात किंचित वळलेला. त्यांनी सहा व्हीनियर बसवून घेतले आणि तेव्हापासून माझ्या दाताचं नाव 'एम-सील' पडलं. २०२३ च्या अधिक श्रावणात सासूबाईंनी धोंडे जेवणाला दोन्ही जावयांना शेजारी बसवलं. पानात अनारसे पडायचा अवकाश, "जपून हो साडू, एम-सील निघेल! आम्ही बघा, एकदाच खर्च केला, जन्माचं काम झालं. बाँडिंग आता कोण करतं? व्हीनियर म्हणजे लेटेस्ट."

सासूबाईंसमोर वाद नको म्हणून मी अनारसा खाल्ला. उत्तर इथे देतो.

जन्माचं काम वगैरे काही झालेलं नाही. पोर्सेलीनचं चांगलं व्हीनियर साधारण १०-१५ वर्षं जातं. साडू पन्नाशीचे आहेत, त्यांचं एक-दोन बदल्यांत भागेल. तुम्ही २६ च्या आहात, हिशोब तुम्हीच करा. आणि एकदा बसवलं की 'नको, आता माझा साधा दात बरा' म्हणता येत नाही, कारण बसवण्यासाठी दाताची पुढची बाजू साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर घासतात. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, पुन्हा येत नाही. आकडा किरकोळ वाटतो, पण हिरडीजवळ इनॅमलच मुळात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. हात जरा जास्त चालला की आतलं डेंटिन (इनॅमलखालचा मऊ थर) उघडं पडतं, थंड पाणी झोंबतं, शिवाय व्हीनियरची पकडही ढिली होते, कारण ते घट्ट बसतं इनॅमलवर.

राहिलं लेटेस्ट. फॉस्फोरिक ॲसिडने इनॅमल खरबरीत केलं की त्यावर रेझिन (कंपोझिटमधला चिकट पदार्थ) पकड घेतं, हे मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवलं. व्हीनियर त्याहून जुनं. हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे डेंटिस्ट नटांच्या दातांवर शूटिंगपुरती पातळ कवचं चिकटवायचे, काम संपलं की काढून ठेवायची. ती कायम टिकतील अशी चिकटवणं जमलं १९८० च्या दशकात, तेही दाताला हेच ॲसिड लावून आणि रेझिनचंच सिमेंट वापरून. म्हणजे माझा एक दात एम-सील असेल, तर साडूंचे सहाही एम-सीलवरच उभे आहेत.

बाँडिंगला खोट आहे, नाही कशाला म्हणू. चहा, हळद, तंबाखूने ते पिवळट पडतं, चमक उतरते, पॉलिश करत राहावं लागतं आणि पाच-सात वर्षांत डागडुजी येतेच. माझ्या दाताचा टवका पेरू खाताना उडाला होता. मॅडमनी त्यावरच नवा थर चढवला, मूळ दाताला हातही लावला नाही. पोर्सेलीन तडकलं तर बहुतेकदा अख्खं नवीनच करावं लागतं. खर्च शहराप्रमाणे बदलतो, पण एका पोर्सेलीन व्हीनियरच्या पैशात दोन-तीन दातांचं बाँडिंग सहज होतं.

तुमच्या फटीचं म्हणाल, तर दोन्ही दातांना थोडी थोडी भर घालून ती बुजते. एकाच दाताला घातली तर तो रुंद दिसेल. फट दोनेक मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर आधी ऑर्थोडॉन्टिस्टला (तारा लावून दात सरकवणाऱ्या डॉक्टरला) दाखवा. वरच्या ओठाला आतून हिरडीशी जोडणारी पट्टी जाड आहे का, तेही बघायला सांगा. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर बाँडिंगच्या आधी, नंतर नाही, कारण कंपोझिटला ब्लीच लागू पडत नाही. ब्लीचिंगनंतर दोन आठवडे थांबावं लागतं, नाहीतर पकड नीट येत नाही. तेव्हा डिसेंबरात ब्लीचिंग आणि जानेवारीत बाँडिंग असं धरा. हळदीच्या आदल्या दिवशी जाऊ नका.

हेही सांगायला हवं की व्हीनियर वाईट नाही. तुमच्या विदर्भात चंद्रपूर, यवतमाळकडे पाण्यातल्या फ्लोराइडने दात तपकिरी पडलेले असतात, किंवा लहानपणी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक घेतल्याने काहींचे करडे होतात. असे गडद डाग पातळ कंपोझिटने झाकत नाहीत, तिथे मी स्वतः व्हीनियरच म्हणेन. झोपेत दात करकर खात असाल तर दोन्हींपैकी काहीही करा, नाइट गार्ड (रात्री दातांवर चढवायचं कव्हर) लागेल. आणि साडूंचे दात दिसतात फार छान. सासूबाईंनाही त्यांचेच आवडतात.

दुसरं मत कुठे घ्यायचं, तर नागपुरात मेडिकल कॉलेजजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे. कंझर्व्हेटिव्ह (दात भरण्याच्या) विभागात दाखवा. रांग असते, शिकाऊ डॉक्टर वेळ लावतात, पण आठ दात खपवायचं टार्गेट तिथे कुणाला नसतं.