झिरझिरीत कापडांची पारख : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भाचीच्या साखरपुड्याला घेरदार ड्रेस शिवायचा म्हणून दुकानातून ‘शिफॉन’ आणले. शिवणाऱ्या ताईंनी ते हातात घेताच जॉर्जेट असल्याचे सांगितले, तर दुसऱ्या दुकानात अगदी तसेच कापड ‘क्रेप’ म्हणून दाखवले गेले. ही तीन कापडे घरी कशी ओळखावीत? — एक वाचक, सातारा

उत्तर : या तिन्ही नावांवरून कापडाची वीण आणि धाग्याचा पीळ कळतो, धागा रेशमाचा आहे, व्हिस्कोसचा (लाकडाच्या लगद्यापासून केलेला) की पॉलिएस्टरचा, हे कळत नाही. आपल्या ताईंनी पोत पाहून निर्णय दिला, तो बहुधा बरोबरच असावा, कारण ज्यांच्या हातून रोज कापड जाते त्यांची बोटे सहसा चुकत नाहीत.

शिफॉन आणि जॉर्जेट दोन्ही साध्या विणीची असून दोन्हींत घट्ट पिळाचे धागे वापरतात. उजव्या आणि डाव्या पिळाचे धागे आलटून पालटून घेतल्यामुळे कापड विणून झाल्यावर किंचित आक्रसते आणि त्याला बारीक रवाळपणा येतो. शिफॉनचा धागा फार बारीक आणि वीण विरळ असते, म्हणून ते पारदर्शक, हलके आणि सुळसुळीत होते. जॉर्जेटचा धागा त्याहून जाड आणि वीण दाट असल्यामुळे ते वजनाला जास्त, दिसायला मंद आणि हाताला स्पष्ट रवाळ लागते. कापडाच्या एकेरी थराखाली वर्तमानपत्र ठेवून पाहावे. फिक्या रंगाच्या शिफॉनमधून बातमीचा बारीक मजकूरही वाचता येतो. जॉर्जेटमधून बहुधा मथळाच तेवढा कळतो. गडद रंगात मात्र ही परीक्षा फसवी ठरते, तेव्हा कापड मुठीत दाबून सोडावे. जॉर्जेट लवचीकपणे उसळून उलगडते, तर शिफॉन मुठीतून निसटून खाली ओघळते.

क्रेप ओळखायला कापडाच्या कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काढावा. जॉर्जेटचे दोन्ही धागे मोकळे सोडताच गुंडाळी करतात. क्रेप द शीन या नावाने जे कापड मिळते त्यात पीळ मुख्यतः आडव्या धाग्याला असतो, म्हणून त्याचा उभा धागा बराचसा सरळ राहतो. शिवाय त्याला जॉर्जेटपेक्षा अधिक चमक असते आणि ते इतके पारदर्शक नसते. शिफॉनचा धागाही पिळाचाच असल्यामुळे शिफॉन आणि जॉर्जेट यांतला फरक नुसत्या या परीक्षेवर ठरवू नये. तिथे वजन आणि पारदर्शकताच पाहावी लागते.

आपल्या ड्रेसबद्दल विचाराल, तर जॉर्जेट मिळाले हे बरेच झाले. घेराला ते चांगला झोक देते, शिवणीला अधिक टिकते आणि बेतताना शिफॉनइतके सरकत नाही. घेर उरेब, म्हणजे विणीला तिरका, कापलेला असेल तर खालची दुमड घालण्यापूर्वी ड्रेस एक रात्र टांगून ठेवायला सांगावे, कारण उरेब भाग आपल्या वजनाने खाली येतो आणि घाईने दुमड घातल्यास कड वरखाली दिसते.

प्रश्न : दुकानदार ‘प्युअर शिफॉन’ म्हणून जे दाखवतात ते खरोखर रेशमी आहे का, हे कसे तपासावे? — एक वाचक, नागपूर

उत्तर : शिफॉन मुळात रेशमाचेच कापड. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातली आणि कूचबिहारची महाराणी झालेली इंदिरा देवी फ्रान्समधून शिफॉनच्या साड्या विणवून घेत असे आणि तिच्यामुळे त्यांची चलती राजघराण्यांत झाली. आज बाजारात दिसणारे बहुतेक स्वस्त शिफॉन पॉलिएस्टरचे असते. ते वाईट नसते, फक्त रेशमाच्या भावाने घेऊ नये.

खात्री करायची असेल तर कडेचे थोडे धागे काढून, चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून जाळून पाहावेत. रेशीम हळू जळते, ज्योतीपासून दूर नेताच सहसा विझते, जळक्या केसांसारखा वास येतो आणि मागे राहणारी काळी गोळी बोटाने चुरली जाते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आकसते, वितळते, काळपट धूर सोडते आणि थंड झाल्यावर त्याची कडक, न चुरणारी गाठ होते. व्हिस्कोस कागदासारखे भरकन जळते आणि मऊ राख उरते. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळावेत, कारण एका बाजूला रेशीम आणि दुसऱ्या बाजूला पॉलिएस्टर अशी सरमिसळ सर्रास केलेली असते. दुकानात ही परीक्षा करू देणार नाहीत, हे उघड आहे. तिथे अर्ध्या फुटाचा तुकडा विकत मागून घरी आणावा.

प्रश्न : ऑर्गंझा आणि ऑर्गंडी एकच का? माझी रेशमी ऑर्गंझाची साडी घरी गरम पाण्यात धुतल्यावर मऊ पडली. ती पुन्हा कडक होईल का? — एक वाचक, पणजी

उत्तर : एकच नव्हेत. ऑर्गंडी सुती असते आणि तिचा कडकपणा सुतावर आम्लाची प्रक्रिया करून आणलेला असतो, म्हणून तो साध्या धुण्याने सहसा जात नाही. ऑर्गंझा मूळची रेशमी. किड्याच्या कोशातून येणाऱ्या रेशमावर नैसर्गिक डिंकाचा थर असतो. इतर रेशमी कापडांसाठी तो उकळून काढतात, पण ऑर्गंझात तो राहू देतात. चंदेरीच्या पारंपरिक विणीतही उभ्या ताण्यात असेच डिंक न काढलेले रेशीम वापरल्यामुळे तिला तो करकरीत, झिरझिरीत पोत येतो. आपल्या साडीतला डिंक गरम पाणी आणि साबणाने काही प्रमाणात विरघळला. तो परत भरता येत नाही. ड्रायक्लीनवाल्याकडून खळ करून घेतल्यास थोडा काळ कडकपणा येईल, पण पहिली झळाळी येणार नाही. हल्ली पॉलिएस्टरची ऑर्गंझाही पुष्कळ मिळते. तिचा कडकपणा डिंकावर अवलंबून नसल्यामुळे ती धुण्याने मऊ पडत नाही, पण तिच्यावर पडलेली चुणी सहज निघत नाही आणि इस्त्री थोडी जास्त गरम झाली तरी ती आकसते.

टिश्यूचे कापड याच्याशी हमखास घोटाळ्यात टाकते. त्यात आडवा धागा जरीचा असतो. कापड तिरपे धरले की धातूसारखी चमक फिरते, ती ऑर्गंझात नसते.

प्रश्न : मलमल आणि व्हॉइल यांत अस्तरासाठी काय घ्यावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : व्हॉइल. दोन्ही तलम सुती असले तरी मलमलचा धागा सैल पिळाचा असल्याने ती मऊ असते आणि ताणाखाली लवकर फसकते. व्हॉइलचा धागा घट्ट पिळाचा असतो. शिवण्यापूर्वी भिजवून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर अस्तर आटते आणि वरचे कापड झोळासारखे लोंबते.

प्रश्न : शिफॉन मशीनवर शिवताना सुईच्या भोकात ओढले जाते आणि दशा निघतात. उपाय काय? — एक वाचक, ठाणे

उत्तर : जुनी सुई फेकून 9 नंबरची नवी सुई लावावी, दोरा बारीक घ्यावा आणि टाका आखूड ठेवावा. शिवणीच्या सुरुवातीला कोरा पातळ कागद कापडाखाली धरून त्यासकट शिवले की कापड भोकात जात नाही. शिवून झाल्यावर कागद हलकेच फाडून काढता येतो. वर्तमानपत्र मात्र वापरू नये, शाई फिक्या कापडाला लागते. पहिले दोनतीन टाके हाताने चाक फिरवून घालावेत आणि दोऱ्याची दोन्ही टोके मागे धरून ठेवावीत.

दशांसाठी माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेले कापड, थोडी जास्त, अर्ध्या इंचाच्या पुढे ठेवावी आणि दुहेरी शिवण घालावी: आधी कापडाच्या उलट बाजू एकमेकींवर ठेवून कडेजवळ बारीक शिवण घालायची, माया कातरून अगदी अरुंद करायची, मग कापड उलटवून कच्ची कड आत बंद होईल अशी दुसरी शिवण घालायची. ओव्हरलॉकची, म्हणजे यंत्राने दोऱ्यांनी गुंफलेली, कड पारदर्शक कापडातून बाहेर दिसते, म्हणून शिफॉनला ती मी टाळते. टाचण्या शक्यतो मायेच्या भागातच लावाव्यात, कारण शिफॉनला पडलेले छिद्र बुजत नाही.