मेनू ठरवायच्या आधी शेगड्या मोज

अगं, पदार्थ नंतर ठरव, आधी पाहुण्यांना विचारून घे कोणाला काय चालत नाही, शेंगदाणे, दूध, गहू, अ‍ॅलर्जी आयत्या वेळी कळली की सगळाच घोळ. मग शेगड्या मोज, खरंच. लोक आल्यावर गॅसवर एकच पदार्थ असावा, ग्रेव्हीवालं काहीतरी आदल्या दिवशीच करून फ्रिजमध्ये टाक, मुरलं की उलट जास्तच छान लागतं, गोडही थंड खायचंच ठेव. तळणीच्या नादी लागू नकोस, तू कढईपाशी आणि गप्पा बाहेर! सॅलड चिरून ठेवलंस तरी मीठ-लिंबू वाढतानाच घाल, नाहीतर पाणी सुटतं. आणि उरलेलं २ तासांच्या आत फ्रिजमध्ये, गप्पा कितीही रंगल्या तरी.