पेशीपटल 'खवटतं' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: 'लिपिड पेरॉक्सिडेशनमुळे पेशीला होणारी इजा' मराठीत सांगताना 'मेदाच्या ऑक्सिडीकरणाने पेशीभित्तिका खवटतात' असं लिहिलं तर चालेल का?

'खवटतात' वाचून मी खूश झालो. त्याकडे येतोच, पण आधी 'भित्तिका' काढा. प्राण्यांच्या पेशींना भित्तिका नसतेच. इथे हवं ते पेशीपटल, म्हणजे मेदरेणूंचा जेमतेम 5 नॅनोमीटर जाडीचा दुहेरी थर.

नुसतं 'ऑक्सिडीकरण'ही घोटाळ्याचं. शरीर ऊर्जेसाठी मेदाम्लं वापरतं, त्यालाही ऑक्सिडीकरणच म्हणतात आणि ते हवंच असतं. म्हणून 'पेरॉक्सिडीकरण' लिहा. (यातल्या 'पेर'चा पेरणीशी संबंध नाही, पण एक बी पडलं की शेत माजतं, तसंच काहीसं इथे होतं खरं.) असंपृक्त मेदाम्लाच्या (म्हणजे ज्याच्या कार्बन-साखळीत दुहेरी बंध असतात त्याच्या) शेपटीत दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन असतो, त्याचा हायड्रोजन सैल असतो. एखादा मुक्त मूलक (जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा हावरा रेणू) तो हिसकावतो. मोकळ्या झालेल्या शेपटीला ऑक्सिजनचे दोन अणू जोडीने येऊन चिकटतात आणि आता हीच शेपटी शेजारणीचा हायड्रोजन ओढते. पटलात शेपट्या दाटीवाटीने उभ्या, त्यामुळे हे लोण पसरत जातं. ओलेइक आम्लात (ऑलिव्ह तेलातलं मुख्य मेदाम्ल) दुहेरी बंध एकच, तेव्हा अशी मधली जागाच नाही. डीएचए या माशांच्या तेलातल्या मेदाम्लामध्ये बंध 6, म्हणजे नाजूक जागा 5. ई जीवनसत्त्व आपला हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतं.

एरवी या शेपट्या पाण्याकडे पाठ करून थराच्या आत दडलेल्या असतात. ऑक्सिजन चिकटला की त्या पाण्याकडे वळतात. थर विस्कटतो, पातळ होतो, आयन पाझरू लागतात. काही शेपट्या तुटून आल्डिहाइडं (चटकन क्रिया करणारे छोटे रेणू) सुटतात आणि ती प्रथिनांना जाऊन चिकटतात.

आता 'खवट'. तेल हवेने खवटतं तेव्हा हीच साखळी चालते. नाकाला झोंबतो तो वास हेक्झानलसारख्या आल्डिहाइडांचा. म्हणजे उपमा नव्हे, नातं सख्खं आहे. तरी व्याख्येत हा शब्द मी घालणार नाही. एक तर 'खवट' ठरवतात नाक आणि जीभ (आणि खवट बोलणं असेल तर कान!), पेशी हुंगायला कोण जातंय? शिवाय लोणी खवटतं ते बरंचसं मेदरेणू पाण्याने फुटून ब्युटिरिक आम्ल सुटल्यामुळे. ती क्रिया निराळी, पण मराठीला दोन्ही खवटच.

समजावून सांगताना मात्र बिनधास्त वापरा. फक्त कर्ता बदला. पटलात प्रथिनंही असतात, ती काही खवटत नाहीत. तेव्हा मी असं लिहीन: 'मेदाच्या पेरॉक्सिडीकरणाने पेशीपटलाला इजा होते, म्हणजे पटलातला मेद खवटतो आणि पटल पाझरू लागतं.'