भाडं तुम्ही भरता, राहतात आईबाबा, मग एचआरए मिळतो का?

प्रश्न: सर नमस्कार, लालबागची आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेलीये, आईबाबा सध्या परळला भाड्याने राहतायत. बिल्डर महिन्याला 22 हजार देतो पण घराचं भाडं 38 हजार, वरचे 16 हजार मी दर महिन्याला थेट घरमालकाला ट्रान्सफर करते. मी स्वतः ठाण्याला नवऱ्याच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये राहते, त्यामुळे पगारातल्या एचआरएवर (घरभाडे भत्त्यावर) पूर्ण टॅक्स कापला जातो. ऑफिसातली मैत्रीण म्हणते परळचं अ‍ॅग्रीमेंट तुझ्या नावावर करून घे आणि एचआरए क्लेम टाक, कोण बघायला येतंय. करू का? आणि बिल्डरच्या पैशावर बाबांना टॅक्स लागेल का? बाबा 71, आई 67, पेन्शन बेताची, त्यातूनच बाबा मेडिक्लेमचे 44 हजार भरतात.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, नका करू. मैत्रिणीचा हेतू चांगला असेल, पण एचआरएची सूट ज्या घरात तुम्ही स्वतः राहता त्याच्या भाड्यावर मिळते. अ‍ॅग्रीमेंट तुमच्या नावावर केलं, पैसे तुमच्या खात्यातून गेले, सगळं खरं, पण रोज रात्री झोपायला तुम्ही ठाण्याला जाता ना? मग झालं. आधार, बँक, ऑफिस, सगळीकडे ठाण्याचा पत्ता आणि एचआरए परळचा, हे जुळवणं आता कॉम्प्युटरचं काम आहे, आणि चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं असं ठरलं तर वाचवलेल्या टॅक्सच्या 200 टक्के दंड बसू शकतो. 80 जीजी या भाड्यावर वजावट देणाऱ्या कलमाची वाटही बंदच, कारण ती एचआरए न मिळणाऱ्यांसाठी आहे आणि तिथेही स्वतः राहायची अट आहेच.

म्हणजे आईवडिलांचं भाडं भरलं म्हणून टॅक्समध्ये काही मिळत नाही. मला स्वतःला हे मुंबईपुरतं तरी अन्यायाचं वाटतं, इथे अर्ध्या चाळी पाडून ठेवल्यात आणि बिल्डरच्या भाड्यात त्याच एरियात खोली मिळत नाही, पण कायदा असा आहे. एक मात्र बरं, तुम्ही भरलेले 16 हजार हे बाबांचं उत्पन्न धरत नाहीत, मुलीने आईवडिलांना दिलेल्या पैशावर टॅक्स नाही.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ बघा, खरी गंमत तिथे आहे. मेडिक्लेम बाबा भरतात आणि भाडं तुम्ही, हे उलटं करा की. हप्ता तुमच्या खात्यातून ऑनलाइन भरा (कॅश चालत नाही) आणि तेवढे पैसे बाबांनी पेन्शनमधून भाड्यात घालावेत, घरातून जाणारी एकूण रक्कम तीच राहते. आईवडील सीनियर सिटिझन असले की त्यांच्या हप्त्याची 80 डी खाली 50 हजारांपर्यंत वजावट मिळते, ती तुमच्या स्वतःच्या 25 हजारांच्या वेगळी, आणि ते तुमच्यावर अवलंबून असायची अटही नाही. 44 हजारांवर 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून साधारण 13,700 रुपये वाचतात. बाबांची पेन्शन बेताची म्हणजे त्यांना त्या वजावटीचा तसाही उपयोग नसणार.

पण थांबा, हे सगळं टॅक्सच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे ओल्ड रेजीममध्ये. न्यू रेजीममध्ये ना एचआरए ना 80 डी, आणि तुम्ही काही सांगितलं नसेल तर ऑफिसने तुम्हाला न्यू मध्येच धरलं असेल. फक्त या 44 हजारांसाठी ओल्डला उडी मारू नका, होम लोन, पीएफ, एलआयसी असं बरंच काही दाखवायला असेल तरच परवडतं, दोन्हीचा हिशोब करून बघा. (कलमांचे नंबर 1961 च्या कायद्यातले देतोय, नव्या कायद्यात ते बदललेत, पण बोलताना अजून सगळे हेच वापरतात.)

बिल्डरच्या भाड्याचं म्हणाल तर घर सोडावं लागलं त्याची ती भरपाई, उत्पन्न नव्हे, असं मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने 2021 मध्ये म्हटलंय. तुमच्याकडे तर ते सगळं भाड्यातच जातंय. बिल्डरचं पत्र आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवा.

प्रश्न: मी दादरला बाबांच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये त्यांच्यासोबतच राहतो. त्यांना भाडं देऊन एचआरए घेता येईल का?
– एक वाचक, दादर

उत्तर: येईल, फ्लॅटमध्ये तुमचं नाव नको आणि भाडं खरोखर द्यायला हवं. 2017 मध्ये मुंबईच्याच न्यायाधिकरणासमोर आईला कॅशने भाडं दिल्याची केस आली होती, अ‍ॅग्रीमेंट नाही, सोसायटीला पत्र नाही, बँकेत नोंद नाही, क्लेम फेटाळला गेला. तेव्हा लीव्ह अँड लायसन्स करा, दर महिन्याला बँकेतून पैसे पाठवा, वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर ऑफिसला बाबांचा पॅन द्या. महिन्याला 50 हजारांच्या वर भाडं लावलंत तर 2 टक्के टीडीएस तुम्हालाच कापावा लागेल. बाबांना रिटर्नमध्ये हे भाडं दाखवावं लागेल, त्यातून 30 टक्के सरसकट वजा होतात, त्यामुळे दुसरं फारसं उत्पन्न नसेल तर त्यांना बहुधा काहीच भरावं लागणार नाही. आणि ते पैसे दुसऱ्या दिवशी बाबांनी तुमच्या खात्यात परत पाठवायचे नाहीत, हे आवर्जून सांगतो कारण लोक करतात.