ईसीजीवर ‘एलव्हीएच’ छापून आलं म्हणजे हृदयाचा स्नायू जाड झालाच का?

चोपड्याच्या शिबिरात वडिलांच्या ईसीजीवर मशीनने ‘एलव्हीएच’ (म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचा स्नायू जाड होणं) छापलं आणि घरचे धास्तावले, असं तुम्ही लिहिलंय. घाबरू नका, पण तो कागद जपून ठेवा.

हा डावा कप्पा जाड झाला की ईसीजीच्या आलेखावर लाटा सहसा उंच उमटतात. १९४९ चा सोकोलोव्ह-लायन नियम तेच मोजतो: व्ही-१ मधली खाली जाणारी एस लाट आणि व्ही-५ किंवा व्ही-६ मधली वर जाणारी आर लाट (व्ही-१, व्ही-५, व्ही-६ म्हणजे छातीवरच्या ठरावीक जागांवरून घेतलेले आलेख), यांची कागदावरची बेरीज ३५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर जाडीचा संशय. पण ईसीजी वीज मोजतो, जाडी नाही. केळीच्या बागेत राबणाऱ्या सडपातळ माणसाच्या लाटा हृदय निरोगी असूनही उंच येऊ शकतात. उलट, अंगाने स्थूल माणसात स्नायू जाड असूनही आलेख साधा दिसू शकतो. मला याचीच जास्त काळजी वाटते, कारण ‘ईसीजी नॉर्मल’ ऐकून लोक बीपीच्या गोळ्या सोडून देतात.

खरी जाडी टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत कळते. जळगाव-धुळ्याला तो होतो. तोवर वेगवेगळ्या दिवशी बीपी मोजून लिहून ठेवा. दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर मात्र थांबू नका. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक प्रकार आनुवंशिक असतो.