ग्रंथालयातून नियतकालिक काढताय? आधी हे बघा

ओजेएस (ओपन जर्नल सिस्टिम्स, ऑनलाइन नियतकालिक चालवायचं सॉफ्टवेअर) बसवणं एका दिवसाचं काम आहे, अडतं ते पुढे. लेखांच्या फायलींचा फोल्डर वेब-फोल्डरच्या बाहेर ठेवा, नाहीतर परीक्षणातले कच्चे लेख कुणीही थेट लिंकने उघडेल. बॅकअप घेताना डेटाबेस, हा फोल्डर आणि 'पब्लिक' फोल्डर, तिन्ही घ्या. नुसता डेटाबेस परत आणलात तर लेखांची नावं दिसतील, पीडीएफ उघडणार नाहीत.

मराठी लेख असतील तर युनिकोडच हवा, यात तडजोड नकोच. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली असेल तर अगम्य अक्षरं उमटतील, आणि त्या लेखातला मजकूर गुगलला सापडणं कठीण.

डीओएजेसाठी (डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स, सगळ्यांना मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकांची जागतिक सूची) वर्षाला किमान 5 संशोधन लेख लागतात. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (लेख इतरांनी कसा वापरायचा हे सांगणारा) पहिल्या अंकापासूनच ठरवा. मागाहून बदलायचा तर प्रत्येक लेखकाची संमती गोळा करत बसावं लागतं.