संकष्टी धरायची म्हणतोस तर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. दोन्ही एकादश्या, संकष्टी, दोन्ही प्रदोष आणि शिवरात्र, सगळं याच महिन्यापासून सुरू करायचं म्हणतोयस. माझं ऐकशील तर एकच धर, आणि उद्यमबागेतल्या कारखान्यात भट्टीपुढं पाळी करणाऱ्यानं धरायची ती संकष्टी. ती त्याच रात्री सुटते. एकादशी द्वादशीला सकाळी सोडायची असते, मधे रात्रपाळी आली की हाल. आणि निर्जळीचं नावही काढू नकोस. भट्टीच्या धगीत अंगातलं पाणी जातं, तिथं पाणी आणि ताक घ्यायचंच. त्यानं उपवास मोडत नाही.

गेल्या एकादशीला आपली तारीख एक आणि खालच्या मजल्यावरच्या माध्व, म्हणजे मध्वाचार्यांना मानणाऱ्या वैष्णव घरातली दुसरी, मग खरी कुणाची, असं तू विचारलंस. दोघांचीही. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढं सरकला की एक तिथी होते. त्याची चाल सारखी नसल्यामुळं तिथी कधी एकोणीस तासांत आटोपते, कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते, आणि ती आपल्या घड्याळाकडं बघून सुरू होत नाही. आपल्यासारख्या स्मार्त घरात एकादशी ठरवताना सूर्योदयाची तिथी बघतात. वैष्णव त्याआधीचा अरुणोदय बघतात, म्हणजे चार घटका, 96 मिनिटं. त्या वेळी दशमीचा अंश शिल्लक असेल तर त्यांची एकादशी दुसऱ्या दिवशी. म्हणून कॅलेंडरात कधी कधी ‘स्मार्त’ आणि ‘भागवत’ (म्हणजे वैष्णवांची) अशा दोन एकादश्या लागोपाठ छापलेल्या दिसतात. माळकरी वारकरी भागवत धरतात, माध्व लोक आपल्या मठाचं पंचांग बघतात. घरात जे चालत आलंय ते धरावं. दरवेळी सोयीची तारीख निवडणारे लोकही मी पाहिलेत, त्यांना काय म्हणायचं!

संकष्टीचा हिशेब वेगळा, तिथं चंद्रोदयाला चतुर्थी हवी. त्यामुळं सकाळी कॅलेंडरच्या चौकटीत तृतीया दिसेल आणि तरी संकष्टी त्याच दिवशी असेल. घाबरू नकोस, चतुर्थी नंतर, चंद्रोदयाच्या आत लागलेली असते. प्रदोषाला सूर्यास्तानंतरची त्रयोदशी आणि शिवरात्रीला मध्यरात्रीची चतुर्दशी बघतात. प्रत्येक व्रताची वेळ कोणती एवढं कळलं की पंचांग कुणाला विचारावं लागत नाही.

चंद्रोदयाची वेळ मात्र बेळगावचीच बघ. मुंबईची वेळ आपल्याला लागू नाही, काही मिनिटांचा फरक पडतो. आणि मोबाईलवरच्या हिंदी व्हिडिओवरून महिना ठरवू नकोस. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो. या बाबतीत आपलं आणि कन्नड शेजाऱ्यांचं पंचांग एक आहे, दोघांचाही महिना अमावास्येला संपतो. सीमेवरून कितीही भांडण होऊ दे, संकष्टी दोन्ही घरांत त्याच रात्री सुटते.

आषाढ-श्रावणात बेळगावात चंद्र दिसायचा कसा, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही. तेव्हा छापलेली वेळ झाली की पूर्वेकडं तोंड करून अर्घ्य द्यायचं आणि जेवायला बसायचं. दुसऱ्या पाळीत असलास तर सुट्टीच्या भोंग्यानंतर हात जोडून डबा उघड. गणपती तुझ्या सुपरवायझरसारखा हजेरी घेत नाही.

आता खाण्याचं. साबुदाण्याची खिचडी सकाळी थाळीभर आणि दुपारी पुन्हा थाळीभर, याला मी उपवास म्हणत नाही. नुसता स्टार्च आणि वर शेंगदाण्याचं तेल, डोळ्यांवर झापड येते. यंत्रावर उभं राहणाऱ्याला ते परवडणार नाही. आपल्या तालुक्यात रताळी इतकी पिकतात की बाहेरच्या बाजारात ट्रक भरून जातात. ती उकडून दुधाबरोबर घे. वरी घ्यायची तर अख्खी घ्यावी, निवडून, धुवून, लगेच शिजवावी. सुट्टं, शिळं भगरीचं पीठ खाऊन उलट्या झाल्याच्या बातम्या दर नवरात्रात येतात.

कँटीनमध्ये तुझा कन्नड सोबती उपवासाला अवलक्की किंवा उप्पीट खाताना दिसेल. आपल्याकडं पोहे आणि रवा उपवासाला चालत नाहीत, त्यांच्या बऱ्याच घरांत भात वर्ज्य केला की झालं. ‘हा कसला उपवास’ असं तोंडातून येऊ देऊ नकोस. आपल्या ताटातला बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंदसुद्धा अमेरिका खंडातून इकडं आलाय. जुन्या धर्मशास्त्रात त्यांचं नाव कुठून असणार?

एखादी संकष्टी चुकली तर पुढची धर. बदली म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहण्यात अर्थ नाही. अंगारकीला मात्र गर्दीत तासन् तास रांगेत उभं राहायचं की घरी दूर्वा वाहून मोकळं व्हायचं, ते तुझं तू बघ. मी घरीच असते.

तुझ्याबरोबर आमच्या वहिनी, म्हणजे तुझी आईही धरणार असं कळलं. त्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना उपाशी ठेवू नकोस. त्यांनी पूजा करावी, मोदक वळावेत आणि वेळेवर जेवावं. त्या ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून तुलाच लिहिते.

तुझी,
शहापूरची आत्या